शाळा निकषात बसत नाही, तेव्हा पुढे काय होते?

दरवर्षी उन्हाळ्यात मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत अनधिकृत शाळांची यादी वर्तमानपत्रांत छापून येते. तोवर बहुतेक पालकांनी शुल्काचा पहिला हप्ता भरलेला असतो आणि गणवेशही शिवायला टाकलेला असतो. यादीत आपल्या मुलाच्या शाळेचे नाव दिसले की घरात एकच प्रश्न उठतो: आता शाळा बंद होणार का? खरे तर त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. शाळेकडे नेमके काय नाही?

कारण ‘मान्यता’ या एका शब्दाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी बोलतो. पहिली, शाळा सुरू करण्याची परवानगी, म्हणजे शासनाची मंजुरी. नव्या खासगी शाळांना ती २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली मिळते. दुसरी, शिक्षण हक्क कायद्याखालची मान्यता, म्हणजे पहिली ते आठवीचे वर्ग चालवायला लागणारे प्रमाणपत्र. तिसरी, मंडळाची संलग्नता. राज्य मंडळाच्या शाळेला सांकेतांक असतो, सीबीएसई किंवा आयसीएसई शाळेला त्या त्या मंडळाचा क्रमांक असतो. चौथी, अनुदान. यातली एक गोष्ट असली म्हणून बाकीच्या असतीलच असे नाही. ‘आमचे सीबीएसईचे काम चालू आहे’ हे वाक्य प्रवेशाच्या खिडकीवर ऐकू आले, तर त्याचा अर्थ आज संलग्नता नाही एवढाच घ्यावा.

या लेखात भर दुसऱ्या गोष्टीवर आहे, कारण शाळेकडून किमान काय हवे हे तिथेच लिहिलेले आहे.

कायदा शाळेकडे काय मागतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा. अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, जेमतेम दोन पानांचे. शाळेचे मोजमाप त्या दोन पानांवर होते.

पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. पट १५० च्या वर गेला की त्या पाच शिक्षकांखेरीज मुख्याध्यापक. २०० च्या पुढे मुख्याध्यापक सोडून दर ४० मुलांमागे किमान एक शिक्षक. सहावी ते आठवीला हिशेब बदलतो. प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि तेही असे की एक विज्ञान-गणिताचा, एक सामाजिक शास्त्रांचा आणि एक भाषांचा हवा. दर ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि शंभरावर मुले असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक.

इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी. प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालयाची खोली, उतार म्हणजे रॅम्प, मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजत असेल तर स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण. वर्षात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास. शिक्षकाने आठवड्याला ४५ तास काम करायचे, त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे.

तपासणीत शाळा कुठे अडकते? शहरात मैदानावर. तीन मजली इमारतीत भरणाऱ्या शाळेकडे मैदान कुठून येणार. मग शेजारच्या मैदानाचा करारनामा फाईलला लावला जातो. गावात अडचण कुंपणाची आणि पाण्याची. स्वच्छतागृहाची गंमत तर सगळीकडे सारखीच: ते असते, पण पाणी नसल्यामुळे कुलूपबंद असते, आणि तक्त्यात मात्र ‘आहे’ या रकान्यात खूण झालेली असते. रॅम्प बांधलेला असतो, पण चढ इतका उभा की चाकाची खुर्ची वर जाणार नाही. निकष ‘आहे की नाही’ असे विचारतो, ‘वापरात आहे का’ असे क्वचितच विचारतो.

त्या दोन पानांत मुलांना वाचता-लिहिता येते का, याचा एकही रकाना नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या नियमांत इयत्तावार आणि विषयवार अध्ययन निष्पत्तींचा समावेश झाला, म्हणजे कोणत्या इयत्तेच्या मुलाला काय यायला हवे ते लिहून ठेवले गेले. पण ते आले नाही म्हणून शाळेची मान्यता जाते, असे कुठेही नाही. आपल्याकडे मान्यता शिक्षकसंख्या, भिंती आणि कागदपत्रांवर टिकते. शिकणे हा वेगळा खाना आहे.

शिक्षकांच्या पात्रतेचा निकष मात्र अलीकडे धारदार झाला. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे. त्याहून कमी असेल तर नोकरी राहील, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. त्या प्रकरणांत महाराष्ट्रातली प्रकरणेही होती, त्यामुळे इथल्या शिक्षकसंघटनांत त्यावर बरेच रण माजले.

एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. काही संस्थांना हा दर्जा का हवासा वाटतो, याचे एक उत्तर इथे सापडते.

पट: सगळ्यात महागडा आकडा

अनुदानित आणि सरकारी शाळेत खरी जबाबदारी एका आकड्यापाशी येऊन थांबते. तो म्हणजे पट. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर ते ठरते. पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. त्यामुळे पट फुगवण्याचा मोह जुनाच आहे.

३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला, मतदानाला लावतात तशी, शाई लावली. लाखो विद्यार्थी फक्त हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. निम्म्याहून कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांवर कारवाई करायचे ठरले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणारी सरल प्रणाली आली, आधार जुळवणी आली. आता आधार जुळले नाही तर संचमान्यतेत मूल मोजले जाण्यातच अडचण येते. याचा चटका ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या कुटुंबांच्या मुलांना बसतो. मूल खरोखर वर्गात बसलेले असते, पण आधारवरच्या नावात एका अक्षराची चूक असते आणि शाळेच्या पटातून ते गळते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष पुन्हा बदलले. कमी पटाच्या, विशेषतः सहावीपुढच्या वर्गांची पदे त्यामुळे धोक्यात आली, आणि वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा विरोध मुख्यतः त्यालाच आहे.

शाळा कमी पडली की कागद कसा फिरतो

सुरुवात केंद्रप्रमुखाच्या किंवा विस्तार अधिकाऱ्याच्या भेटीने होते. त्यांचा अहवाल गटशिक्षणाधिकाऱ्याकडे आणि तिथून शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो. त्रुटी निघाल्या की पहिले पत्र ‘पूर्तता करा’ असे येते. पूर्तता झाली नाही तर कारणे दाखवा नोटीस. केंद्राच्या २०१० च्या नियमांत खुलाशाला एक महिना दिला आहे; खुलासा पटला नाही तर तीन ते पाच जणांची समिती शाळेत जाऊन तपासते आणि मग आदेश होतो. कायद्याचे कलम १८ दोन गोष्टींवर ठाम आहे: बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय मान्यता काढता येत नाही, आणि काढण्याच्या आदेशातच मुलांना परिसरातल्या कोणत्या शाळेत घ्यायचे ते लिहावे लागते.

ही दुसरी अट फार महत्त्वाची आहे आणि पालकांना सहसा माहीत नसते. आदेशाची प्रत मागून त्यात शाळेचे नाव आहे का ते पाहा. नसेल तर आदेश अपुरा आहे आणि तसे लेखी कळवता येते. मान्यता काढण्याचा आदेश पुढच्या शैक्षणिक वर्षापासून लागू व्हावा, असेही केंद्राचे नियम सांगतात, म्हणजे मुलांचे वर्ष मध्येच मोडत नाही.

मान्यता नसताना शाळा चालवली, किंवा काढल्यावरही चालू ठेवली, तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि उल्लंघन चालूच राहिले तर दर दिवसाला दहा हजार रुपयांपर्यंत. प्रवेशासाठी देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. मुलाची किंवा पालकांची चाचणी, मुलाखत घेऊन प्रवेश दिला तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत.

आकडे मोठे दिसतात. पण व्यवस्थेची खरी अडचण या आकड्यांत नाही. शिक्षेची पायरी एकदम उंच आहे आणि मधल्या पायऱ्या निसरड्या आहेत. एका बाजूला पत्र, दुसऱ्या बाजूला थेट मान्यता काढणे. कुंपण नाही म्हणून चारशे मुलांची शाळा बंद करायला कोणता अधिकारी धजावेल? म्हणून पत्रावर पत्र जाते, पूर्ततेचा अहवाल येतो, फाईल बंद होते. कायद्यापूर्वीच्या शाळांना निकष पूर्ण करायला तीन वर्षे, म्हणजे ३१ मार्च २०१३ पर्यंतची मुदत होती. ती कधीच उलटली, पण मैदान, कुंपण, रॅम्प नसलेल्या शाळा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पूर्णपणे बेकायदा शाळेचे वेगळेच. ती कुलूप लावते आणि शेजारच्या गल्लीत नवे नाव, नवा फलक लावून उघडते.

अनुदानित शाळेला वेतनेतर अनुदान रोखण्याची शिक्षा असते. ते रोखले की खडू, वीजबिल, दुरुस्ती थांबते, म्हणजे आधीच कमी पडणारी शाळा आणखी कमी पडते. संस्थाचालकांच्या भांडणात शाळा अडकली असेल, तर १९७६ च्या शैक्षणिक संस्था व्यवस्थापन कायद्याखाली शासन प्रशासक नेमू शकते. हा मधला उपाय खरे तर सगळ्यात शहाणा आहे: शाळा चालू राहते, कारभार बदलतो.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांची मान्यता कोणी काढत नाही. तिथे शिक्षा माणसाला होते: नोटीस, वेतनवाढ रोखणे, विभागीय चौकशी, निलंबन. छप्पर गळते ते दुरुस्तीला निधी नाही म्हणून, आणि खुलासा मात्र मुख्याध्यापकाला द्यावा लागतो.

जिथे सूट नाही

मुलांच्या सुरक्षिततेत ही ढिलाई चालत नाही, निदान कागदावर तरी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्टचा शासन निर्णय आला. त्यात महिनाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, आणि गैरप्रकार घडला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे अशा अटी आहेत. न पाळल्यास अनुदान रोखणे किंवा मान्यता रद्द करणे अशी कारवाई होऊ शकते. कॅमेरे बसवले पण चित्रण तपासायचे कोणी हे ठरलेले नसेल, तर ते केवळ भिंतीवरचे डोळे. पालकसभेत हाच प्रश्न विचारावा.

इथे शासन निर्णयाहून मोठा पोक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे. अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ‘आम्ही आधी अंतर्गत चौकशी करतो’ हे उत्तर या कायद्यापुढे टिकत नाही.

स्वयंमूल्यमापन, म्हणजे आपलेच आपण गुण

आधी शाळासिद्धी होती: सात क्षेत्रे, शाळेने स्वतःच स्वतःला द्यायच्या श्रेणी. आता राज्यात ‘स्क्वाफ’ आले आहे, म्हणजे शाळा गुणवत्ता मूल्यांकनाचा आराखडा. त्यात १२८ मानके आहेत आणि प्रत्येकाला चारपैकी एक स्तर निवडायचा, पुरावा म्हणून छायाचित्रे आणि कागदपत्रे जोडायची. अभ्यासक्रम व अध्यापन, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व नेतृत्व, समावेशन, व्यवस्थापन, लाभार्थींचे समाधान अशी त्याची क्षेत्रे आहेत. कल्पना चांगली आहे. इथे निदान ‘वर्गात काय चालते’ याला जागा मिळाली. पण दोन शिक्षकी शाळेत हे १२८ रकाने भरणार कोण? तोच शिक्षक, आणि तेही शाळेच्या वेळात. कमी स्तर लिहिला तर खुलासा मागतील अशी धास्ती असते, आणि सगळीकडे चौथा स्तर लिहिला तर आराखड्याला अर्थच उरत नाही.

सीबीएसईची रीत वेगळी आहे. तिथे अचानक तपासणी होते. मार्च २०२४ मध्ये तिने २० शाळांची संलग्नता काढली आणि तीन शाळांचा दर्जा खाली आणला. त्यात महाराष्ट्रातल्या शाळाही होत्या. कारणांत ‘डमी’ विद्यार्थी होते: नाव शाळेत, मूल दिवसभर नीट-जेईईच्या क्लासमध्ये. क्लासच्या शिफारशीवरून अकरावीचा प्रवेश घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण ७५ टक्के हजेरीची अट मुलाच्या परीक्षेला आडवी येते.

बंद होणे आणि मान्यता जाणे, या दोन गोष्टी

डिसेंबर २०१७ मध्ये कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून शेजारच्या शाळेत सामावण्याचा निर्णय गाजला, २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक शाळा चालवण्याची चर्चा झाली. या शाळा निकषात नापास झाल्या नव्हत्या, मुले कमी होती एवढेच. अशा वेळी विचारायचा प्रश्न अंतराचा असतो. पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. मध्ये ओढा किंवा महामार्ग असेल, तर ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून पाठवावे.

तुम्ही काय तपासायचे, कुठे जायचे

प्रवेशापूर्वी शाळेचा ११ अंकी युडायस क्रमांक, म्हणजे देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक मागा. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘आपली शाळा जाणा’ या सोयीत तो टाकला की व्यवस्थापन कोणते, वर्ग कोणते, शिक्षक किती ते दिसते. क्रमांक नाही म्हणजे धोक्याची पहिली घंटा. त्यानंतर मान्यता प्रमाणपत्र पाहायला मागा आणि त्यावरची तारीख, वर्ग आणि माध्यम वाचा. पहिली ते चौथीची मान्यता असताना सातवीपर्यंत वर्ग चालवणे, किंवा एका पत्त्याची मान्यता घेऊन दुसऱ्या पत्त्यावर शाखा काढणे, हे प्रकार नेहमीचे आहेत आणि ते प्रमाणपत्र न वाचल्यामुळेच खपतात.

सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, मुख्याध्यापक सचिव असतो. सरकारी शाळेत शाळा विकास आराखडा हीच समिती करते आणि आलेल्या निधीच्या खर्चावर लक्ष ठेवते. अनुदानित शाळेत तिचे काम सल्ल्यापुरते. बऱ्याच ठिकाणी बैठकीची वही घरोघर सह्यांसाठी फिरते. वहीवर सही करण्याआधी ठराव वाचा. खासगी विनाअनुदानित शाळेत ही समिती नसते. तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, आणि शुल्कवाढ तिच्यापुढे यावी लागते.

तक्रार करायची तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ वापरा. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्या आणि पोच घ्या. तीन महिन्यांत सुनावणी घेऊन निर्णय द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. तक्रार नेमकी हवी. ‘शाळा चांगली नाही’ यावर काहीच होत नाही. ‘सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा शिक्षक जूनपासून नाही, पट ९२’ यावर उत्तर द्यावेच लागते.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचे शुल्क लावून. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. खासगी शाळा उत्तर देत नसेल तर अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयात करा, कारण मान्यतेचा प्रस्ताव, तपासणी अहवाल आणि पूर्तता अहवाल तिथे असतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील.

आणि शाळा खरोखरच बंद झाली तर आधी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके आणि मुलाचा युडायसमधला कायम क्रमांक ताब्यात घ्या. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वयानुरूप वर्गात प्रवेश हा सहा ते चौदा वयोगटातल्या मुलाचा हक्क आहे. भरलेले शुल्क परत मिळण्याची वेगळी तरतूद मात्र शिक्षण हक्क कायद्यात नाही, त्यामुळे प्रत्येक पावती जपून ठेवा. नववी-दहावीचे मूल अनधिकृत शाळेत असेल तर घाई सर्वांत जास्त, कारण दहावीचा नियमित अर्ज मान्यताप्राप्त शाळेमार्फतच जातो. ते जमले नाही तर खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, पण त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते.